विज्ञानकथेतील यंत्र आणि आमच्या अंगणातील राख



ह्या मालेला आपण 'वसंत व्याख्यानमाला' म्हणतो. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली ही प्रथा घातली, आणि तिथून ती गावोगाव पसरत आपल्या वरोऱ्यापर्यंत आली. पण पुण्याचा वसंत वेगळा नि आपला वेगळा. आपल्याकडे वसंत पंचांगात असतो, अंगणात नसतो. होळी विझली की उन्हाळा जो उंबरठ्यावर येऊन बसतो तो मृगापर्यंत उठत नाही. पारा पंचेचाळीस ओलांडतो, आणि शेजारच्या चंद्रपुरात तो सत्तेचाळीसच्याही पलीकडे गेलेला आपण पाहिला आहे. म्हणूनच ही सभा दिवस मावळल्यावर भरते, आणि तरीही आपण सगळे पदराने, पत्रिकेने वारा घेत बसलेले आहात. तेव्हा आजचा विषय आपल्याला पुस्तकातून शोधून आणावा लागलेला नाही. तो आपल्या कपाळावरून ओघळतो आहे.

चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची कल्पना अशी होती की, हा युनियनचा माणूस आहे, हा किमान वेतनावर बोलेल, नाहीतर ठेकेदारी पद्धतीवर बोलेल. आम्ही म्हणालो, "विज्ञानकथेवर बोलतो." ते क्षणभर गप्प झाले. नंतर हळूच म्हणाले, "भाऊ, तो विषय कॉलेजातल्या सरांचा." त्यांचे म्हणणे खोटे नाही. आमची शाळा सातवीला सुटली. त्यापुढचे जे काही शिक्षण झाले ते रात्रपाळीत, दोन घंट्यांच्या मधल्या वेळात, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर झाले. त्या पुस्तकांत भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न होता, आणि पुढे जयंत नारळीकर भेटले. पंडितांनी जे वर्गात बसून वाचले ते आम्ही बॉयलरच्या उबेला बसून वाचले. एवढाच काय तो आमचा अधिकार.

प्रथम एक लहानसा हिशेब मांडतो. युनियनच्या माणसाला हिशेबावाचून बोलता येत नाही. ह्या सभागृहात समजा दहा पंखे आहेत, काही दिवे आहेत आणि हा ध्वनिक्षेपक आहे. सगळे मिळून तासाला सुमारे एक युनिट वीज खातात. कोळशावर एक युनिट वीज करायला साधारण पाऊण किलो कोळसा जाळावा लागतो. म्हणजे दोन तासांची ही सभा संपेपर्यंत आपल्या नावावर दीड किलो कोळसा जळालेला असेल. आपल्या देशातल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते, म्हणून अर्धा किलोच्या आसपास राख उरलेली असेल. शिवाय दोन किलोंच्या घरात कार्बन डाय-ऑक्साइड वायू आकाशात गेलेला असेल. तो दिसत नाही, त्याला वासही नाही, पण सूर्याची उष्णता पृथ्वीवर अडकवून ठेवण्याचे काम तो शेकडो वर्षे करीत राहतो.

ही झाली एका सभेची गोष्ट. चंद्रपूरचे वीजकेंद्र २९२० मेगावॅटचे आहे. ते पूर्ण भाराने चालले तर त्याला तासाला दोन हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. इकडे आमचे आभार मानून होईपर्यंत तिकडे एक अख्खी मालगाडी भट्टीत गेलेली असेल. आपल्या वरोऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतही कोळशावरची वीजकेंद्रे उभी आहेत, आणि माजरीपासून घुग्घुसपर्यंत खाणी पसरलेल्या आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक भागांची पाहणी केली, तेव्हा चंद्रपूरचा क्रमांक वरून चौथा लागला. परीक्षेत चौथा आलेल्या मुलाच्या घरी पेढे वाटतात. आमच्या ह्या चौथ्या नंबराचे काय करावे हे कुणालाच कळेना.

आता आपण विचाराल, ह्याचा कथाकादंबऱ्यांशी संबंध काय? आहे, आणि तो फार जुना आहे.

आपल्या वरोऱ्याला दगडी कोळशाची खाण सुरू झाली ती १८७० च्या दशकात. सरकारने ती चालवली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली. नेमक्या त्याच दशकात, १८७७ साली, तिकडे फ्रान्समध्ये ज्यूल व्हर्नने कोळशाच्या खाणीवर एक कादंबरी लिहिली. तिच्या नावाचा अर्थ 'काळा हिंदुस्थान' असा होतो. इंग्लंडने जशी हिंदुस्थानातून संपत्ती नेली, तशीच आपल्या पायाखालच्या कोळशातून काढली, म्हणून कोळसा हाच त्यांचा काळा हिंदुस्थान, असा तो रोख आहे. कादंबरीतली खाण स्कॉटलंडमधली आहे. तिथला कोळसा संपतो, शेवटची बग्गी वर येते, इंजिनियर कामगारांना निरोपाचे चार शब्द बोलतो आणि खाण बंद होते. परंतु एक म्हातारा मुकादम मात्र खाण सोडीत नाही. बायकोमुलासह तो त्या रिकाम्या पोटातच राहतो, कारण जमिनीवर त्याला आपले असे काहीच उरलेले नसते. पुढे त्याला नवा थर सापडतो, आणि जमिनीखाली विजेच्या दिव्यांचे एक गाव वसते. कथा गोड होते.

आमची वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद झाली. तिचा शेवट गोड झाला की कडू, हे आम्हांला कुणी सांगितले नाही. आम्ही जुनी कागदपत्रे चाळली. टनांचे हिशेब सापडले, रुपयांचे सापडले. पण शेवटच्या दिवशी जो माणूस वर आला त्याने घामेजलेला अंगरखा कुठे वाळत घातला, दुसऱ्या दिवशी तो कोणाच्या शेतावर मजुरीला गेला, हे मात्र हाताला लागले नाही. स्कॉटलंडच्या कल्पित मुकादमाचे नाव आम्हांला ठाऊक आहे, सायमन फोर्ड. आणि ज्या गावात आम्ही राहतो तिथल्या खऱ्या मुकादमाचे नाव ठाऊक नाही. कथा लिहिली गेली की माणूस उरतो, नाहीतर टन उरतात. साहित्याचे काम काय असते हे आम्हांला त्या दिवशी समजले.

ह्याच व्हर्नने १८८९ साली आणखी एक गंमतीची कादंबरी लिहिली. चंद्रावर तोफगोळा सोडणारी जी 'गन क्लब'ची मंडळी, जिची ओळख विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच 'केरळ कोकिळ' मासिकाने मराठी वाचकाला करून दिली, तीच मंडळी ह्यात उत्तर ध्रुव लिलावात विकत घेते. कशासाठी? तर बर्फाखाली कोळसा आहे म्हणून! बर्फ कसे वितळवायचे? तर किलिमांजारो पर्वताच्या पोटात प्रचंड तोफ ओतायची, ती उडवायची, आणि तिच्या धक्क्याने पृथ्वीचा कललेला आस सरळ करायचा. मग समुद्र कुठे चढेल, कुठे उतरेल, कोणाची गावे बुडतील, ह्याची विचारपूस कंपनीला नको असते. शेवटी तोफ उडते, पण पृथ्वी जागची हलत नाही, कारण गणित करणाऱ्याकडून तीन शून्ये गळालेली असतात. वाचक पोट धरून हसतो. आम्हीही हसलो होतो. आज हसू येत नाही, कारण दिवस असे आले आहेत की ध्रुवावरचे बर्फ वितळते आहे, ते तोफेवाचून वितळते आहे, आणि वितळल्यावर खाली काय हाती लागेल ह्याचा हिशेब मांडणारे तेव्हाही होते नि आजही आहेत. फरक एवढाच की ह्या वेळी गणितात शून्ये गळालेली नाहीत.

ही झाली खनिजाची गोष्ट. यंत्र आणि ते चालवणारा माणूस ह्यांच्याबद्दल ह्या साहित्याने काय सांगितले तेही पाहू. एच. जी. वेल्सच्या १८९५ सालच्या 'टाइम मशीन'मध्ये एक प्रवासी लाखो वर्षे पुढे जातो. तिथे माणसाच्या दोन जाती झालेल्या आहेत. एक जात वर उन्हात फुलांत खेळते. दुसरी जमिनीखाली अंधारात यंत्रे चालवते, आणि रात्री वर येऊन पहिलीला खाते. ही खालची जात आली कोठून? तर पिढ्यान्‌पिढ्या तळघरात, खाणीत, भुयारात ढकललेल्या कामगारांतून. वेल्सने हे भविष्य म्हणून लिहिले, पण तो बोलत होता आपल्या काळच्या लंडनबद्दल.

त्यानंतर १९२० साली कारेल चापेक ह्या चेक लेखकाने एक नाटक लिहिले. 'रोबो', 'रोबॉट' हा शब्द आज पोराटोरांच्या तोंडी आहे, तो ह्या नाटकातून जगभर गेला. चेक भाषेतल्या मूळ शब्दाचा अर्थ ऐका: वेठ. आमच्या आजोबांनी जी मालगुजाराकडे केली ती वेठ! नाटकातले कृत्रिम कामगार अखेर बंड करतात आणि मनुष्यजात संपवतात. फक्त एकाला जिवंत ठेवतात. तो शास्त्रज्ञ नव्हे, कारखान्याचा व्यवस्थापकही नव्हे. तो बांधकाम करणारा माणूस आहे. त्याला का सोडले? तर तो आमच्यासारखाच हाताने काम करतो, म्हणून. आम्ही हे वाचले त्या रात्री बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत बसलो होतो.

आता असे वाटेल की हे सगळे कथाकार यंत्राचे वैरी आहेत. तसे नाही. आपल्याच देशात, १९०५ साली, बेगम रोकेया ह्या बंगाली बाईंनी 'सुलतानाचे स्वप्न' नावाची इंग्रजी कथा लिहिली. तिच्यात बायकांचे राज्य आहे. त्या राज्यातल्या विद्यापीठांनी आकाशातले पाणी नळीने उतरवून घेतले आहे आणि सूर्याची उष्णता साठवून ठेवली आहे. पाहुणी स्वयंपाकघरात जाते तो तिथे ना धूर, ना धुराडे. सगळा स्वयंपाक सूर्यावर चाललेला. शेणाच्या गोवरीने डोळे गेलेल्या आमच्या आयाबहिणींनी ही कथा वाचली असती तर? तिथले यंत्र हे बाईने, तिच्या स्वतःच्या डोळ्यांतल्या धुराला आठवून, मागून घेतलेले यंत्र आहे. म्हणून ते तिच्या उपयोगी पडते. यंत्र वाईट की चांगले हा प्रश्नच मुळी अर्धवट आहे. यंत्र कोणी मागितले, कळ कोणाच्या हातात आहे आणि राख कोणाच्या अंगणात पडते, हे विचारल्यावाचून तो पुरा होत नाही.

ही कसोटी घेऊन आपण आपल्या मराठीकडे वळू. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप अशा टोपणनावाने पाठवली, हे आपल्याला माहीत आहे. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने नाव लपवून नवशिक्यांच्या रांगेत उभे राहावे, ह्यातच त्यांचा मोठेपणा. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्या 'हिमप्रलय' कथेत चक्क मुंबईत बर्फ पडते. एका शास्त्रज्ञाने आधीच इशारा दिलेला असतो, पण त्याचे कोणी ऐकत नाही. अखेर अग्निबाणांनी वातावरणात धातूचे कण सोडून सूर्याची ऊब खाली आणावी लागते. निसर्गाचा तोल हा धरून ठेवावा लागतो, तो आयता मिळत नाही, ही गोष्ट मराठी वाचकाला त्यांनी त्या काळी सांगितली जेव्हा 'पर्यावरण' हा शब्दही फारसा कोणाच्या तोंडी नव्हता.

आता त्याच्या शेजारी अमेरिकन लेखक किम स्टॅन्ली रॉबिन्सन ह्यांची २०२० सालची कादंबरी ठेवा. ती सुरू होते आपल्या उत्तर प्रदेशात. हवेत उष्मा आणि दमटपणा एवढा चढतो की घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, वीज जाते, लोक तळ्यात उतरतात तर तळ्याचे पाणीही गरम. आणि त्या एका लाटेत लक्षावधी माणसे मरतात. मग भारत सरकार कोणालाही न विचारता विमानांनी आकाशात गंधकाची धूळ सोडते, ऊन अडवण्यासाठी. एका कथेत ऊब आणायला कण सोडले, दुसरीत ऊब अडवायला धूळ सोडली. दोन्हीकडे आकाशाला हात घालावा लागला, कारण जमिनीवरचे काम वेळेवर झाले नाही. हे दुसरे दृश्य वाचताना आम्हांला उत्तर प्रदेश दिसला नाही. आम्हांला आमचा वेल्डर दिसला, जो मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्यावर बसून सांधा लावतो.

आणि इथेच आमची एक तक्रार आहे. ती आदराने मांडतो, कारण ज्यांनी आम्हांला वाचायला शिकवले त्यांच्यापाशीच ती करायची. आपली विज्ञानकथा बहुतांशी शास्त्रज्ञांनी आणि विज्ञान शिकलेल्या मंडळींनी लिहिली. हे तिचे भाग्य, कारण त्यामुळे ती खोटे बोलली नाही. आणि हीच तिची मर्यादा. तिच्यात शास्त्रज्ञ असतो, मंत्री असतो, वार्ताहर असतो, परदेशातला विद्वान मित्र असतो. पण अग्निबाणाच्या तळावर झाडू मारणारा नसतो. भट्टीखालची राख काढणारा नसतो. ती राख नवऱ्याच्या कपड्यांतून धुणारी बाई तर नसतेच नसते. प्रलय येतो आणि जातो, पण त्या दिवशीची रोजी बुडाली की मिळाली हे कोणी विचारीत नाही. कोणी म्हणेल, कल्पित कथेत रोजीचा हिशेब कशाला? आम्ही म्हणू, चापेकने घेतला, वेल्सने घेतला, मग आपण का घेऊ नये?

परंतु दुसऱ्याकडे बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे असतात. म्हणून एक गोष्ट आज ह्या व्यासपीठावरून कबूल करायची आहे. तिच्यासाठीच आम्ही हा विषय मागून घेतला.

पंधरा-वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ह्या जिल्ह्यातल्या एका वीजकेंद्रात आमची युनियन होती. नाव सांगत नाही, कारण दोष नावाचा नव्हता, दोष आमचा होता. एका संध्याकाळी शेजारच्या गावातल्या पंधरा-वीस बाया आमच्या कचेरीशी आल्या. त्यांच्या पदरात कापसाची बोंडे होती. त्यांनी ती टेबलावर ओतली. बोंडे राखाडी झाली होती. त्या म्हणाल्या, "भाऊ, ह्या कापसाले भाव नाही भेटत. पोरं खोकलतात. रातच्याले राख जास्त पडते. तुम्ही आमच्यासंगं साहेबाकडे चला."

आम्ही त्यांना बाहेर बसवले आणि आत समितीची बैठक घेतली. बैठकीत एक सभासद उठून म्हणाला, "भाऊ, थे चिमनी धूर सोडते तवा आमची चूल धूर सोडते." टाळ्या पडल्या. आम्हीही टाळी वाजवली. वाक्य चांगले होते, आणि चांगल्या वाक्याने माणूस किती सहज फसतो हे भाषणे करणाऱ्याला कळायला हवे होते. सगळ्यांनी हात वर केले. ठराव झाला की बायांसोबत जायचे नाही. आम्ही बाहेर येऊन म्हणालो, "तुमचे निवेदन वर पाठवतो." ते आम्ही पाठवले नाही.

त्या हात वर करणाऱ्यांत एकजण ठेकेदाराकडे राखेच्या हॉपरवर काम करणारा होता. आणि बाहेर बसलेल्या बायांत एक त्याची कारभारीण होती. आत नवऱ्याचा हात वर, बाहेर बायकोच्या पदरात राखाडी बोंडे. आणि मधल्या दारात आम्ही उभे.

पुढे बऱ्याच वर्षांनी आमच्या ध्यानात आले की त्या बायांचे मागणे आम्ही धड ऐकलेच नव्हते. 'केंद्र बंद करा' असे त्या म्हणतच नव्हत्या. त्या म्हणत होत्या, 'रात्री राख जास्त पडते.' धुराड्याच्या आधी राख पकडणारे यंत्र असते; त्याला कामगार 'ईएसपी' म्हणतात. त्यात धूर लोखंडी पत्र्यांच्या रांगांमधून जातो. राखेच्या कणांना विजेचा भार दिला जातो, ते पत्र्यांना चिकटतात, पत्र्यांवर हातोडे पडतात आणि राख खाली हॉपरमध्ये झडते. नीट चालले, नीट राखले, तर शंभरातले नव्व्याण्णव भाग राख ते पकडते. हॉपर तुंबला, पत्रे खराब झाले, किंवा ते चालू ठेवायला लागणारी वीज वाचवायची म्हणून कोणी रात्री त्याचे काही भाग बंद ठेवले, की राख वर जाते आणि वाऱ्याबरोबर कापसावर बसते. आमचा हॉपरवाला सभासद हे जाणत होता. त्याला कोणी विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. आम्ही 'धूर की भाकर' एवढाच प्रश्न पुढे ठेवला, आणि तो प्रश्नच दुसऱ्याने घडवून आमच्या हातात दिलेला होता. यंत्र नीट चालले असते तर भाकरही राहिली असती, कापूसही पांढरा राहिला असता, आणि हॉपरवर दोन माणसे जास्तच लागली असती. तो आमचा सभासद आज चार पायऱ्या चढला की बसतो. त्याची कारभारीण आम्हांला रस्त्यात भेटते, नमस्कार करते, आणि काही बोलत नाही.

राखेचे हे झाले. कार्बन वायूचे काय? तो कुठलेच ईएसपी पकडीत नाही. त्यामुळे कोळशाचा कारभार आज ना उद्या आटोपता घ्यावा लागणार, हे आम्ही कामगारांपासून लपवीत नाही. चंद्रपूरचे पहिले दोन, २१० मेगावॅटचे संच निवृत्त झालेलेच आहेत. सूर्यावरची वीज स्वस्त होत आली आहे. बेगम रोकेयांचे स्वप्न आता दुकानात मिळते. प्रश्न आहे तो शेवटच्या बग्गीचा. ज्या दिवशी ह्या पट्ट्यातली शेवटची बग्गी वर येईल त्या दिवशी कायम कामगाराची बदली होईल, साहेबाला निवृत्तिवेतन मिळेल. पण ठेकेदाराच्या वहीत ज्याचे नाव पेन्सिलीने लिहिलेले असते त्याचे काय? खोदून उघडी पडलेली जमीन कोण भरून देणार? हे सगळे आधी, कामगाराला आणि गावाला शेजारी बसवून, तारीखवार ठरवले पाहिजे. नाहीतर १९०६ साली झाले तेच पुन्हा होईल: टन उरतील, माणसे उरणार नाहीत.

बंधुभगिनींनो, आपल्याच गावातली एक आठवण सांगून थांबतो. बाबा आमट्यांना जग आनंदवनामुळे ओळखते. परंतु आनंदवनाच्या आधी ते ह्या वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, वकील होते, आणि इथल्या भंगीकाम करणाऱ्या कामगारांची त्यांनी संघटना बांधली होती. त्या कामाचे दुःख नुसते ऐकून कळत नाही म्हणून त्यांनी स्वतः मैल्याची टोपली काही महिने डोक्यावर वाहिली. खुर्चीत बसून जे कळले नसते ते त्यांना टोपलीखाली कळले. त्याच दिवसांत त्यांना रस्त्याच्या कडेला तो कुष्ठरोगी भेटला, आणि पुढचा सगळा इतिहास घडला.

आमच्या मते चांगली विज्ञानकथा ही अशीच टोपली आहे. पन्नास वर्षांनंतर जे ओझे कोणाच्या तरी डोक्यावर पडणार आहे, ते ती आजच वाचकाच्या डोक्यावर ठेवते. कळ दाबण्याआधी वजन कळावे, एवढ्यासाठी. जो कळ दाबणार त्याने ती वाचावी. आणि ज्याच्या डोक्यावर टोपली खरोखरच आहे, त्याने ती लिहावी. ह्या सभेत मागच्या रांगेत काही तरुण मुले बसली आहेत. त्यांतल्या कोणाचा बाप खाणीत असेल, कोणाची आई निंदणाला जात असेल. त्यांना आमचे सांगणे आहे की, भाषा चुकेल, शुद्धलेखन चुकेल, त्याची लाज बाळगू नका. शेवटच्या बग्गीची कथा तुम्ही लिहा. तिच्यात तुमच्या बापाचे नाव घाला. आणि जमले तर राखाडी बोंडे घेऊन दाराशी बसलेल्या त्या बायांना ह्या खेपेस आत बोलवा. आमच्याकडून जे झाले नाही ते तुमच्या कथेत तरी होऊ द्या. कथेत झाले की गावात व्हायला फार वेळ लागत नाही.

दोन तास होत आले. हिशेबाप्रमाणे अर्धा किलो राख पडली असेल. ती कोणाच्या अंगणात पडली, एवढे घरी जाताना प्रत्येकाने मनाशी विचारावे.  आता ते पंखे बंद करायला हरकत नाही.